साथ आली आणि ताट बदलले



आज आपण जेवणाविषयी बोलणार आहोत. जेवणाविषयी काय बोलायचे, असे कुणाच्या मनात येईल. भूक लागते, म्हणून आपण जेवतो. हे तर लहान पोरालाही कळते. पण भूक लागल्यावर आपण हेच का खातो आणि ते का खात नाही, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तो करून पाहू.

आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की उत्तरे पटापट येतात. एक ताई म्हणते, "परवडते ते खातो." दुसरी म्हणते, "पोरांना आवडते ते करते." तिसरी म्हणते, "आमच्यात हेच खातात." चौथी हसून म्हणते, "कामावरून आल्यावर जे लवकर होईल ते." पाहा, चार उत्तरांत चार कारणे आली. किंमत, चव, सवय आणि वेळ.

१९९५ साली इंग्लंडमध्ये स्टेप्टो, पोलार्ड आणि वॉर्डल या तीन संशोधकांनी हाच प्रश्न लोकांना विचारला. त्यांनी उत्तरांचे नऊ गट केले. आरोग्य, मनाची स्थिती, सोय, चव, पदार्थाचा नैसर्गिकपणा, किंमत, वजन, सवय आणि नीतीचा विचार. म्हणजे आमच्या ताईंनी जे सांगितले, त्यातले बरेचसे त्या यादीत आहेच. माणूस लंडनचा असो की भिवंडीचा, पोट सगळ्यांना सारखेच.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही कारणे कायमची नसतात. मोठे संकट आले, की ती बदलतात. मागचे पुढे येते आणि पुढचे मागे पडते. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिले. ते कसे झाले आणि त्यातून काय शिकायचे, हा आजचा विषय आहे.

साथीपूर्वीचे ताट

आपली भिवंडी ही यंत्रमागाची नगरी. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ७ लाख होती. इथे उत्तर प्रदेशचे, बिहारचे भाऊ माग चालवतात. तेलंगणातून आलेली पद्मशाली घराणी आहेत. मोमीन विणकरांच्या पिढ्यान् पिढ्या इथे गेल्या. भोवतालच्या गावांत आगरी, कुणबी आणि आदिवासी मंडळी आहेत. जितक्या वस्त्या तितकी ताटे. कुठे तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील, कुठे डाळ-रोटी, कुठे भात आणि आंबट चटणी, कुठे वालाचे बिरडे.

एकटे राहणारे कामगार खानावळीत जेवतात. तिला ते भिशी म्हणतात. बारा तासांची पाळी संपली, की भिशीत जायचे, पुढ्यात येईल ते जेवायचे आणि पडायचे. महिन्याचा हिशेब महिन्याला. खोलीत चूल नाही, भांडी नाहीत. या भावांच्या जेवणाचे कारण अगदी साधे होते. जवळ मिळते, उधारीवर मिळते आणि वेळेवर मिळते.

पहिले कारण : मिळते काय?

२०२० च्या मार्च महिन्याची २५ तारीख आठवा. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पाडव्याला कडुलिंबाची पाने गुळाबरोबर खायची आपली जुनी रीत. त्या वर्षी कडू आधीच तोंडात आले होते.

माग थांबले. माग थांबले म्हणजे मजुरी थांबली. कारण इथे काम मीटरवर असते. जितके कापड तितके पैसे. कापड नाही तर पैसे नाहीत. भिशी चालवणाऱ्या मावशीची उधारी अडकली. तिच्याकडेही वाण्याचे देणे होते. कित्येक भिश्या बंद पडल्या. ज्याने जन्मात चूल पेटवली नव्हती, तो भाऊ दहा जणांच्या खोलीत स्टोव्ह शोधू लागला.

तेव्हा "काय खावे?" हा प्रश्नच उरला नाही. "काय मिळते?" हा एकच प्रश्न उरला. चव गेली, सवय गेली. भात खाणारा पोळी खाऊ लागला आणि पोळी खाणारा खिचडी. कुणी वाटीत घालील ते आपले.

सरकारने काही सोय केली. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली होती. तिच्यात दोन पोळ्या, एक भाजी, भात आणि वरण असे. मार्चअखेर ती ५ रुपयांना झाली. एप्रिलपासून रेशनकार्डावर नेहमीच्या धान्याशिवाय माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. कुटुंबामागे १ किलो डाळही होती. पण आपल्यातल्या कितीकांचे कार्ड गावी होते! कार्ड गोरखपूरकडे आणि पोट भिवंडीत. मग मे आणि जून महिन्यांत कार्ड नसलेल्या मजुरांनाही धान्य देण्याचे केंद्र सरकारने ठरवले. तोवर कित्येक जण मुंबई-नाशिक रस्त्याने चालत निघाले होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची गाडी सुटली. माणसे रोगाला भ्यायली होती, हे खरे. पण भुकेला त्याहून जास्त भ्यायली होती.

दुसरे कारण : टिकते काय?

ज्यांच्या हातात थोडे पैसे होते, त्यांनी दुसरा विचार केला. बाजार उद्या उघडेल की नाही, कोण जाणे. म्हणून टिकणारे घ्या. कांदे, बटाटे, तांदूळ, पीठ, डाळ, तेल. पालेभाजी मागे पडली. ती दोन दिवसांत सुकते.

आगरी घरांत ही विद्या जुनीच आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून जवळा, सुकट, बोंबील वाळवून ठेवायचे. पापड, कुरडया, सांडगे यांचेही तसेच. आपल्या आजीबाईंनी प्रत्येक पावसाळा ही छोटी टाळेबंदीच मानली होती.

टिकणाऱ्या वस्तूंत बिस्किटाचा पुडा सगळ्यांत पुढे गेला. पारले-जी बिस्किटांची विक्री २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत इतकी झाली, की तशी आधी कित्येक दशकांत झाली नव्हती. का झाली? पुडा स्वस्त, शिजवायला नको, सांडत नाही, वाटायला सोपा. चालणाऱ्याच्या पिशवीत तो मावतो. पण बिस्किटाने पोट भुलते, भरत नाही. पोराच्या अंगाला त्यातून फार थोडे लागते. अडचणीच्या वेळी तो पुडा चांगला. रोजचे जेवण म्हणून नाही.

तिसरे कारण : भीती

आता भीतीकडे वळू. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे आपण म्हणतो ना? तो ब्रह्मराक्षस मोबाइलमधून आला.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कुणीतरी उठवले, की कोंबडी खाल्ल्याने करोना होतो. ही गोष्ट खोटी होती. पण लोकांनी कोंबडी सोडली. महाराष्ट्रातल्या कोंबडी पाळणाऱ्यांना पक्षी कवडीमोलाने विकावे लागले. काहींनी ते पुरून टाकले. तिकडे लखनौच्या बाजारात कोंबडीपेक्षा फणस महाग झाला. शेतकरी बुडाला आणि आपल्या पोरांच्या ताटातले सकस अन्न गेले. पुढे काही महिन्यांनी लोकांनी ऐकले, की अंड्याने अंगात ताकद येते. लगेच अंड्यांना मागणी आली. तीच कोंबडी, तेच अंडे. वाऱ्यावर आले ते वाऱ्यावर गेले.

दुसरी भीती वस्तूला हात लावण्याची होती. कुणी भाजी साबणाच्या पाण्याने धुतली. हे मात्र चुकीचे. साबण पोटात गेला तर अपाय होतो. करोनाचा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. अन्नातून तो झाल्याचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी, हात साबणाने धुवावेत आणि अन्न नीट शिजवावे. एवढे पुरे. ही रीत करोना नसतानाही पाळायची आहे. कारण हगवण आणि कावीळ आजही घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून होतातच.

तिसरी भीती सगळ्यांत वाईट. २०२० मध्ये देशात काही ठिकाणी लोक भाजीवाल्याचे नाव विचारू लागले. नाव ऐकून भाजी घ्यायची की नाही, हे ठरवू लागले. बंधूंनो, रोगाला नाव वाचता येत नाही. तो कुणाचा धर्म विचारीत नाही. ज्या गावात एकाचा ताणा आणि दुसऱ्याचा बाणा मिळून कापड होते, त्या गावात तरी हे विष चालता कामा नये. त्या वर्षी रमजानचा महिना टाळेबंदीतच गेला. मशिदीत न जाता लोकांनी घरी नमाज पढली, घरी रोजा सोडला. अंतर ठेवायचे ते शरीराचे. मनाचे नाही.

चौथे कारण : अन्न म्हणजे औषध

चौथे कारण सगळ्यांच्या तोंडी होते. प्रतिकारशक्ती. हा एवढा मोठा शब्द २०२० मध्ये गल्लीतली पोरेही बोलू लागली.

मार्च २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने काही घरगुती उपाय सुचवले. हळद घातलेले गरम दूध. तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा. मग घरोघरी काढा उकळू लागला. लिंबू, आले, लसूण यांना मागणी आली. औषधाच्या दुकानात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या संपल्या.

यात वाईट काय? घोटभर काढ्यात काहीच वाईट नाही. घसा शेकला जातो, बरे वाटते. वाईट आहे ते दोन गोष्टींत.

पहिली गोष्ट, काढा पिऊन माणूस निर्धास्त झाला. मास्क लावीना, ताप आला तरी दवाखान्यात जाईना. काढ्याने करोना टळतो, असे सिद्ध झालेले नव्हते. लसणाबद्दलही जागतिक आरोग्य संघटनेने तेच सांगितले होते. लसूण पौष्टिक खरा, पण तो करोना अडवतो याला पुरावा नाही.

दुसरी गोष्ट, अती तेथे माती. गुळवेलीचेच पाहा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती छापली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ पाहतील. आपण एवढेच घ्यावे, की झाडपाला आहे म्हणून तो वाटेल तितका घेऊ नये. औषध म्हणून घ्यायचे असेल, तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारून घ्यावे.

आधीही असेच झाले होते

हे सारे प्रथमच घडले, असे समजू नका. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली होती. जून महिन्यात ती मुंबईत शिरली. पावसाळ्यानंतर तिने मोठा घाला घातला. त्याच वर्षी पाऊसही कमी पडला. धान्य महाग झाले. उपाशी अंगाला रोग लवकर मारतो. देशात १ कोटीहून जास्त माणसे दगावली.

शंभर वर्षांपूर्वी रेशन नव्हते, थाळी नव्हती. या वेळी धान्याची कोठारे भरलेली होती. हा मोठा फरक. पण कोठारात धान्य असणे वेगळे आणि ताटात असणे वेगळे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अन्न अधिकार अभियानाने ११ राज्यांतल्या गरीब कुटुंबांची पाहणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. शंभरातल्या सुमारे ५३ जणांचा भात किंवा गहू कमी झाला होता. सुमारे ६४ जणांची डाळ कमी झाली होती. आणि सुमारे ७३ जणांची हिरवी भाजी कमी झाली होती.

हे आकडे सावकाश वाचा. त्यांच्यात एक गोष्ट दडलेली आहे. पैसे कमी पडले, की आधी भाजी जाते. मग डाळ पातळ होते. भात-पोळी सगळ्यांत शेवटी कमी होते. पोट भरलेले दिसते, पण अंग रिकामे राहते. आणि घरात हे आधी कुणाच्या ताटात होते? सगळ्यांना वाढून झाल्यावर जी जेवायला बसते, तिच्या.

म्हणून आम्ही म्हणतो, एकीकडे प्रतिकारशक्तीची पावडर घ्यायची आणि दुसरीकडे डाळीत पाणी वाढवायचे, हा उलटा कारभार आहे. डाळ हीच पावडर आहे.

आता काय ठेवावे?

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. माग पुन्हा खडखडू लागले. भिश्या पुन्हा उघडल्या. मग साथीत शिकलेले काय ठेवायचे आणि काय टाकायचे?

ठेवायचे ते असे.

हात धुणे ठेवा. जेवण्याआधी आणि जेवण करण्याआधी.

डाळ घट्ट ठेवा. भात आणि डाळ, भाकरी आणि उसळ, ही जोडी फार शहाणी आहे. एकात जे कमी असते, ते दुसऱ्यातून मिळते. हरभरे, मटकी, शेंगदाणे ही गरिबाची खरी ताकद. मटकीला मोड आणले, तर तिच्यात क जीवनसत्त्व वाढते. त्याला गोळी विकत घ्यावी लागत नाही. खाणाऱ्यांनी जमेल तेव्हा अंडे घ्यावे. सुकट-जवळाही चांगला.

उसळीवर लिंबू पिळा. लिंबाने अन्नातले लोह अंगाला चांगले लागते. चहाने त्याच्या उलट होते. म्हणून जेवणाबरोबर चहा घेऊ नका. थोड्या वेळाने घ्या. मोसमात पेरू घ्या. संत्र्यापेक्षा पेरूत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते आणि तो दारावर येतो.

पावसाळ्यात आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या घेऊन येतात. त्या घ्या. कशा करायच्या, ते त्यांनाच विचारा. ताटात भाजी येईल आणि त्यांच्या हातात दोन पैसे जातील.

आणि वाढण्याची रीत बदला. घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर बसावे. डाळीची पहिली वाटी तिचीही असावी. टाळेबंदीत कितीतरी घरे प्रथमच एकत्र जेवली. ती सवय मोडू नका.

टाकायचे ते असे. नाव पाहून भाजी घेणे टाका. भाजीला साबण लावणे टाका. आणि मोबाइलवर आले म्हणून खरे मानणे टाका. कुणी सांगितले, "हे खा" किंवा "ते खाऊ नका", तर तीन प्रश्न विचारा. सांगणारा कोण? तो काही विकतो का? आणि हे खोटे निघाले, तर कुणाचे नुकसान होईल?

वाचणाऱ्याचे ताट

आता तुम्ही म्हणाल, अक्षर शिकण्याचा आणि जेवणाचा संबंध काय? फार जवळचा आहे.

दुकानातला पुडा हातात घ्या. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. जो पदार्थ वजनाने सगळ्यांत जास्त, त्याचे नाव पहिले असते. हा नियम आहे. शक्तीच्या पावडरीच्या डब्यावर साखरेचे नाव पहिले-दुसरे आले, तर समजा की आपण महाग साखर घेतो आहोत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानदारांना सांगितले, की अशी पेये आरोग्य पेय या नावाखाली विकू नका. कारण अन्न सुरक्षेच्या कायद्यात तसे नावच नाही. ज्याला वाचता येते, त्याला चित्रातला पैलवान फसवू शकत नाही. पुड्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तेव्हा घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवा. तो वाचील, तुम्ही विचारा. दोघांचाही अभ्यास होईल.

रेशनचेही तसेच. १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे रेशनचे धान्य फुकट देण्याचे केंद्राने ठरवले आहे. एक देश, एक रेशनकार्ड ही योजना २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. म्हणजे गोरखपूरचे कार्ड असले, तरी धान्य भिवंडीत घेता येते. २०२० मध्ये चालत निघालेल्या कितीकांना हे कामी आले असते. ज्या भावांना हे ठाऊक नाही, त्यांना सांगा. दुकानात अंगठा लावला, की यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्या. तिच्यावर किती किलो लिहिले आहे, ते वाचा. मग पिशवीत किती आले, ते पाहा. दोन्ही आकडे सारखे असले पाहिजेत.

साथ पुन्हा कधी येईल, ते सांगता येत नाही. आली, तर बाजार पुन्हा बंद होतील, अफवा पुन्हा उठतील, काढे पुन्हा उकळतील. त्या वेळी आपल्या ताटाचा निर्णय भीतीने घ्यायचा, जाहिरातीने घ्यायचा, की आपण स्वतः घ्यायचा, एवढेच ठरवायचे आहे. त्याची तयारी आजच करायची. उद्या रेशन आणायला जाल, तेव्हा पावती घेऊन वर्गात या. आपण सगळे मिळून ती वाचू.